तातडीच्या शेतमालाची वाहतूक व लहान मालमोटारींची वजनमर्यादा

टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर, झेंडू, अंजीर यांसारखा नाशवंत माल ठरावीक वेळेच्या आत बाजारात पोहोचला तरच त्यास भाव मिळतो. वाशी येथील मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात भाजीपाल्याची उलाढाल पहाटेच्या अंधारातच सुरू होते. जुन्नर तालुक्यातील किंवा नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्याने दिवसा तोडलेला माल सायंकाळी भरून रात्रीतून माळशेज अथवा कसारा घाट उतरविला नाही, तर दुसऱ्या दिवशी तोच माल उतरत्या भावाने द्यावा लागतो. अशा घाईच्या वाहतुकीस लहान मालमोटार फार सोयीची असते. ती बांधापर्यंत येते, अरुंद पाणंदीतून निघते आणि दुसऱ्या कोणाच्या मालासाठी खोळंबून राहत नाही. मे २००५ मध्ये पाऊण टन भार वाहणारी ‘टाटा एस’ ही चारचाकी बाजारात आली व ‘छोटा हत्ती’ या नावाने खेडोपाडी रुजली. तिच्याहून मोठ्या, एक ते पावणेदोन टन भाराच्या पिकअप गाड्याही आज बहुतेक बागायती गावांत दिसतात.

परंतु ज्या घाईमुळे ही वाहने उपयोगी पडतात, तीच घाई त्यांच्यावर जादा वजन चढविण्यास कारण होते. शेवटचे दहा क्रेट बांधावर राहिले तर ते रात्रभर तेथे ठेवून काय करावयाचे, हा शेतकऱ्यापुढील प्रश्न खरा आहे. गाडीवाला ‘बसतील, चढवा’ म्हणतो आणि क्रेट चढतात. या ठिकाणी गावपातळीवरील कार्यकर्त्यास मार्गदर्शन करावयाचे असेल तर ‘जादा भार भरू नका’ एवढे सांगून भागत नाही. किती भार म्हणजे जादा, तो मोजावा कसा आणि त्यातून नेमके काय बिघडते, हे त्यास स्वतःस ठाऊक असले पाहिजे.

पासिंग कशास म्हणतात

गावात ‘ही गाडी दीड टन पासिंगची आहे’ असे म्हणण्याची रीत आहे. या बोलण्यात दोन निरनिराळ्या वजनांची सरमिसळ होते. नोंदणी पुस्तकात, म्हणजे आर.सी. बुकात, दोन आकडे असतात. पहिला रिकाम्या वाहनाच्या वजनाचा व दुसरा भारासह एकूण वजनाचा. कायद्याने बंधनकारक आहे तो दुसरा आकडा. पहिला त्यातून वजा केला असता जो उरतो, तेवढाच भार वाहनावर घालता येतो.

येथे एक बारकावा वारंवार नजरेआड होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये रिकाम्या वजनाची जी व्याख्या दिली आहे, तीत वाहनाची नेहमीची सामग्री धरलेली आहे. चालक व मदतनीस धरलेले नाहीत. म्हणजे चालकाचे, सोबत बसलेल्या शेतकऱ्याचे, ताडपत्रीचे, दोरांचे आणि रिकाम्या क्रेटचे वजनदेखील भारातूनच वजा पडते. गाडी घेतल्यानंतर हौद्यावर लोखंडी अँगलची उंच जाळी बसविली असेल, तर तिचे वजनही नोंदीत नसण्याचा संभव असतो. यास्तव जुन्या गाडीच्या बाबतीत पुस्तकातील रिकाम्या वजनावर विसंबू नये. ती एकदा काट्यावर रिकामी तोलून घ्यावी.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका पिकअपचे नोंदलेले एकूण वजन २,९५० किलो व रिकामे वजन १,६५० किलो आहे. फरक १,३०० किलोंचा. चालक व एक सोबती यांचे १३० किलो आणि ताडपत्री, दोर इत्यादींचे २० किलो वजा जाता १,१५० किलो उरले. टोमॅटोच्या क्रेटमध्ये २० किलो माल व स्वतः क्रेटचे सुमारे २ किलो धरल्यास एका क्रेटचे २२ किलो होतात. या हिशोबाने गाडीत ५२ क्रेट बसतात, त्रेपन्नावा नाही. त्याच गाडीत ७५ क्रेट भरले, तर क्रेटचेच १,६५० किलो होतात आणि गाडी रस्त्यावर येते ती ३,४५० किलो वजनाची. मर्यादेपेक्षा ५०० किलो अधिक. हौद्यात जागा असते, जाळी उंच असते, त्यामुळे हा भार डोळ्यांना मुळीच जादा वाटत नाही.

रस्त्यासाठी मर्यादा व गाडीसाठी मर्यादा

वजनाच्या मर्यादा दोन हेतूंनी घातलेल्या असतात व त्यांची गल्लत होऊ देऊ नये. मोठ्या मालट्रकांसाठी शासन प्रत्येक आसावरील कमाल वजन ठरविते, ते प्रामुख्याने रस्ते व पूल टिकावेत म्हणून. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी घेण्यात आली होती. तीतून असे दिसून आले की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. भारतात २०१८ साली आसभाराच्या मर्यादा वाढविण्यात आल्या. चार टायर असलेल्या एकेरी आसास पूर्वी १०.२ टन मुभा होती, ती ११.५ टन झाली.

पिकअपचा या वाढीशी काही संबंध नाही. तिच्या मागील आसावर दोन टनांच्या आसपासच भार येतो. चौथ्या घाताचाच हिशोब लावला तर दहा टन आसभाराच्या ट्रकच्या तुलनेत तिच्याकडून होणारी रस्त्याची झीज सहाशेवा हिस्सासुद्धा भरत नाही. मग तिला मर्यादा कशासाठी? तर ती गाडीसाठी आणि गाडीतील माणसांसाठी. कारखानदाराने ब्रेक, कमानीचे पाटे, आस, बेअरिंग, टायर व सांगाडा ज्या वजनाच्या हिशोबाने बनविले, तेच एकूण वजन म्हणून नोंदले जाते. ‘ट्रकला सरकारने वाढवून दिले, मग आम्हालाच का नाही’ असा प्रश्न गाडीवाल्यांकडून विचारला जातो. त्याचे उत्तर हे आहे की, ट्रकची मर्यादा वाढविताना रस्त्याचा विचार झाला, पिकअपची वाढवावयाची तर गाडीच नवी घडवावी लागेल.

काही ठिकाणी कमानीत एकदोन पाटे वाढवून घेण्याची प्रथा आहे. त्याने गाडी मागे बसत नाही व भार पेलला असे वाटते. प्रत्यक्षात ब्रेक, आस व टायर पूर्वीचेच राहतात. शिवाय परतीच्या रिकाम्या किंवा हलक्या फेरीत ताठ झालेली कमान प्रत्येक खड्ड्याचा हादरा जसाच्या तसा हौद्यात पोहोचविते. द्राक्ष, अंजीर व पिकलेला टोमॅटो नेणाऱ्याने तर हे मुळीच करू नये. नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारे फेरफार वाहनात करण्यास कायद्याची मनाई आहे, ही गोष्ट वेगळीच.

भार कोठे बसतो

एकूण वजन मर्यादेत असूनही गाडी धोक्याची होऊ शकते. पहारीने दगड उचलताना टेकूच्या पलीकडे जोर दिला की दुसरे टोक वर येते. मागील आस हा असाच टेकू होय. समजा, पुढील व मागील आसांत २१० सेंटिमीटर अंतर आहे आणि कांद्याच्या ५० किलोंच्या दहा गोण्या हौद्याच्या अगदी शेवटी, मागील आसाच्या ७० सेंटिमीटर मागे रचल्या. तर पुढील चाकांवरील भार १६७ किलोंनी कमी होतो आणि मागील आसावर ५०० ऐवजी ६६७ किलो येतात. पुढची चाके हलकी झाली म्हणजे सुकाणू सैल लागते, वळणावर गाडी सांगितल्याप्रमाणे वळत नाही व पुढील ब्रेक लावताच चाके घसरतात. घाटात चढताना हा दोष विशेष जाणवतो.

म्हणून जड माल चालकाच्या पाठीशी, केबिनला लागून प्रथम रचावा व हलका माल मागे ठेवावा. दोन-तीन शेतांवरून माल गोळा करीत जाणाऱ्या गाडीत याच्या उलट घडते. पहिल्या शेतावरची कोथिंबीर पुढे जाते आणि अखेरच्या शेतावरच्या कोबीच्या गोण्या दाराशी येतात. अशा वेळी फेरीचा क्रमच बदलावा. जड मालाच्या शेतावर गाडी आधी न्यावी.

टायरच्या कडेवर माप लिहिलेले असते, त्यापुढे येणारा दोन किंवा तीन अंकी आकडा म्हणजे भारनिर्देशांक. ८० म्हणजे एका टायरला ४५० किलो, ९० म्हणजे ६०० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. दोन आकडे तिरप्या रेघेने जोडलेले असल्यास पहिला आकडा एकेरी चाकासाठी असतो. हा भार टायर पेलतो तो त्यात योग्य हवा असतानाच. हवा कमी व भार अधिक असला म्हणजे टायरची कड दर फेऱ्यास अधिक वाकते, तापते आणि उन्हाळ्यात लांबच्या पल्ल्यात फुटते. टायर बदलताना स्वस्त म्हणून कमी निर्देशांकाचा टायर घेतल्यास पुस्तकात काहीही लिहिलेले असले तरी गाडीची खरी ताकद तेवढी घटली, असे समजावे.

घाटाचा उतार

जादा भाराचे खरे मोल घाट उतरताना चुकवावे लागते. ब्रेक हे गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे साधन आहे. गाडी ३०० मीटर उंचीवरून खाली आली आणि सारा भार ब्रेकवरच पडला, तर मर्यादेत भरलेल्या २,९५० किलोंच्या गाडीत साधारण २८ लिटर माठातील पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. ३,४५० किलोंच्या गाडीत ती ३२ लिटरांहून अधिक होते. ही सर्व उष्णता चार चाकांतील लहानशा ड्रम व चकत्यांत साठते. त्या फार तापल्या की ब्रेकचे अस्तर गुळगुळीत होते, पेडल दाबूनही पकड येत नाही. जुने, ओलावा धरलेले ब्रेक-तेल उकळले तर पेडल सरळ तळाशी जाते. सपाट रस्त्यावर महिनोन्महिने निभावलेली गाडी एखाद्या रात्री घाटात दगा देते ती याच कारणाने. ‘आजवर कधी काही झाले नाही’ हे म्हणणे म्हणून विचारात घेण्यासारखे नाही.

यावरील उपाय जुनाच व खात्रीचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, म्हणजे बरीच उष्णता इंजिन घेते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचविणाऱ्या चालकाच्या हाती आपला माल देऊ नये, मग त्याचे भाडे कितीही कमी असो.

थांबण्याच्या अंतरातही फरक पडतो. ब्रेकची ओढ तीच राहिली व वजन १७ टक्क्यांनी वाढले, तर जी गाडी ४० मीटरांत थांबली असती तिला ४७ मीटर लागतात. पहाटेच्या धुक्यात समोर उभ्या असलेल्या बंद ट्रकपर्यंतचे अंतर त्या सात मीटरांचे असू शकते.

कायद्याच्या तरतुदी

अधिनियमाच्या कलम ११३ अन्वये नोंदलेल्या एकूण वजनापेक्षा अधिक वजनाचे वाहन चालविता येत नाही. चालक हा मालक नसेल, तर हा अपराध मालकाच्या माहितीने किंवा हुकुमाने झाला, असे न्यायालयास गृहीत धरता येते. कलम ११४ अन्वये अधिकृत अधिकारी वाहन काट्यावर नेण्यास सांगू शकतो. काटा पुढील मार्गाच्या कोणत्याही ठिकाणापासून १० किलोमीटरांच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरांच्या आत असला पाहिजे. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार कलम १९४ खाली दंड २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे. काट्यावर जाण्यास नकार दिल्यास तो ४०,००० रुपये होतो. माल बाजूस, पुढे, मागे किंवा वर मर्यादेबाहेर निघाल्यास स्वतंत्र २०,००० रुपये. जागेवर तडजोड करून भरावयाची रक्कम राज्य शासन ठरविते; चालू आकडा प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा.

दंडापेक्षाही नाशवंत मालाच्या धन्यास जाचक अशी तरतूद दुसरीच आहे. जादा माल उतरविल्याशिवाय वाहन पुढे सोडता येत नाही, आणि तो उतरविण्याचा खर्च व जोखीम वाहनवाल्याकडे असते. रात्री दोन वाजता रस्त्याच्या कडेला २३ क्रेट उतरविले गेले, तर ते कोणाच्या शेतावरचे, हे ठरविण्यास तेथे कोणी नसते. दुसरी गाडी मिळेतो बाजार उलगडलेला असतो. वर घेतलेल्याच उदाहरणात क्रेटमागे ४० रुपये भाडे धरले, तर २३ जादा क्रेटांवर एका फेरीस ९२० रुपये मिळतात. एकदा झालेला २०,००० रुपयांचा दंड भरून काढण्यास अशा बावीस जादा भाराच्या फेऱ्या लागतात, आणि तोवर कमान व टायर यांचा खर्च निराळाच.

अमेरिकेत कारखान्यांचे तातडीचे सुटे भाग वाहणाऱ्या मालव्हॅनचा मोठा व्यवसाय आहे. तेथे १०,००१ पौंड, म्हणजे ४,५३६ किलो, ही एक महत्त्वाची सीमारेषा आहे. तिच्यावर गेलेल्या वाहनास आंतरराज्य व्यापारी मोटारींचे नियम लागतात. नोंदलेले वजन व प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक असेल ते तेथे धरले जाते. म्हणजे कागदावर हलके वाहन जादा भरले की ते आपोआप कडक नियमांत येते. आपल्याकडेही अशा सीमारेषा आहेत. एकूण ३,००० किलोंपर्यंतच्या मालवाहनास परवाना लागत नाही, व ७,५०० किलोंपर्यंतचे वाहन हलके गणले जाते. हलक्या वाहनाचा अनुज्ञप्तिधारक या मर्यादेतील मालवाहन चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. शेतकऱ्यांच्या मुलांना याचा लाभ झाला आहे. (ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा प्रश्न निराळा असून त्यास स्वतंत्र लेखच हवा.)

मालाबरोबर जाणाऱ्या शेतकऱ्याविषयीही सांगणे जरूर आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा धनी अथवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यास सक्तीच्या विम्यात स्थान मिळाले. हे संरक्षण केबिनमध्ये जागेवर बसलेल्याचे होय. क्रेटांवर ताडपत्री पांघरून झोपलेल्याने त्यावर भरवसा ठेवू नये.

अंदाज व काटा

हौदा भरला म्हणजे भार भरला, हा समज मालागणिक खरा अथवा खोटा ठरतो. मेथी, कोथिंबीर, झेंडू हे फुगीर जिन्नस आहेत. हौदा शिगोशीग भरूनही वजन मर्यादेच्या बरेच खाली राहते. तेथे जपावयाचे ते उंची, बांधणी व वारा यांस. कांदा, बटाटा, गाजर, आले यांचे नेमके उलट आहे. छोट्या हत्तीचा हौदा सुमारे सात फूट लांब व पावणेपाच फूट रुंद असतो. त्यात सुटा कांदा एक फूट उंचीपर्यंत भरला, तर साधारण ५२० ते ५६० किलो होतात. पाऊण टनातून दोन माणसे वजा केली असता आणखी दीड-दोन इंचांचा थर बसतो, अधिक नाही. म्हणजे या गाडीत कांदा फळीच्या काठाशी सपाट भरावा, शीग लावू नये. धुऊन ओले भरलेले गाजर किंवा पावसात भिजलेली गोणपाटे असतील, तर तेवढीही मुभा समजू नये.

भाडे क्रेटवर ठरले असेल तर जादा भरण्याचा मोह गाडीवाल्यास होतो. फेरीवर ठरले असेल तर तो शेतकऱ्यास होतो. दोन्हींपैकी कोणतीही पद्धत असली तरी क्रेटची संख्या आधी ठरवून घेणे हाच मार्ग आहे. चार-पाच शेतकरी मिळून किंवा उत्पादक कंपनीमार्फत माल पाठविणाऱ्यांनी दर आठवड्याच्या तोडणीचा अंदाज दोन दिवस आधी जुळवावा. दोन पिकअप जादा भरण्यापेक्षा एक सहाचाकी गाडी मर्यादेत भरणे पुष्कळदा किलोमागे स्वस्त पडते. मात्र बांधापर्यंत रस्ता नसेल तेथे हा हिशोब बदलतो.

गाडी तोलताना नुसते एकूण वजन घेऊन थांबू नये. प्रथम पूर्ण गाडी काट्यावर घ्यावी, मग केवळ मागील चाके काट्यावर राहतील अशी ती उभी करून मागील आसाचे वजन घ्यावे. काट्यापुढील जमीन सपाट असली पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो. मागील आसाचा आकडा दोन्ही मागील टायरांच्या निर्देशांकाच्या बेरजेपेक्षा कमी असला पाहिजे. अशी तोलणी रिकाम्या व भरल्या गाडीची एकेकदा करून, त्या गाडीपुरता तक्ता तयार करावा: टोमॅटोचे क्रेट ५२, कांद्याच्या ५० किलोंच्या गोण्या २२, याप्रमाणे. तक्ता जाड कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटवावा, व त्याची एक प्रत भरणी करणाऱ्या मजुरांच्या मुकादमाकडे द्यावी. कारण अंधार पडल्यावर क्रेट मोजण्याचे काम प्रत्यक्षात तोच करीत असतो.